शेऱ्याचा रकाना

मारोतरावांच्या वह्या माझ्याकडे आहेत. धान्याच्या कोठीवर पत्र्याची पेटी, पेटीत कडुलिंबाचा पाला आणि पाल्यात एकेचाळीस लांबट वह्या. मागच्या महिन्यात अमरावतीहून भूजल खात्याच्या मॅडम आल्या होत्या. त्यांना त्या न्यायच्या आहेत. पेटीजवळ मांडी घालून दोन तास चाळत बसल्या, मग चष्मा काढून म्हणाल्या, "आजी, या माणसाला रोज जवळून पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. माणूस कसा होता आणि त्याच्या लिहिण्यावर भरवसा ठेवावा की नाही, एवढं मला दोन पानांत लिहून द्या."

दोन पानांत! मी रस्ता सांगायला लागले तर विचारणारा चहा घेऊनच पुढे जातो. शिवाय मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आमच्या ह्यांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीवर मी अक्षरं शिकले. त्यामुळे कितीतरी गोष्टींचा शेवट मला अजून माहीत नाही, कागद तिथेच फाटलेला असायचा. मारोतरावांच्या गोष्टीचा शेवट मात्र माझ्याजवळ आहे, त्यांच्या हातचा, शाईत. म्हणून तर लिहायला बसले.

आधी गाव सांगते. आमचं गाव अकोल्यापासून बसने तासाभरावर, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, कापूस-मूग झकास, पण खोल गेलं की पाणी खारट. चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. वरूडकडच्या संत्रेवाल्यांना इकडे पोरगी द्यायची म्हटलं की ते आधी विचारतात, "प्यायले पानी कुठचं?" जुनी माणसं सांगायची की कोण्या काळी इथे समुद्र होता, तो गेला आणि चव ठेवून गेला. गावाबाहेर बाभळींच्या पलीकडे एक जुनी खारी विहीर आहे. आत उतरायला एका बाजूने दगडी पायऱ्या. कधीतरी तिच्या पाण्याचं मीठ करत असत, मग ते बंद झालं. आमच्या काळात तिकडे कोणी जात नसे. गुरं पीत नाहीत, पाखरू बसत नाही, दगडांवर पांढरी खपली धरलेली. दुपारी लांबून पाहिलं तर हाडं वाळत घातल्यासारखं दिसायचं.

मारोतराव याच गावचे. तरुणपणी सरकारी नोकरी लागून कोकणात गेले. तिथे एका दीपगृहावर होते, म्हणजे समुद्रावरच्या नावांना रात्री दिवा दाखवायचं काम. लग्न केलं नाही. एक दिवस मुदतीआधीच नोकरी सोडून आले. अकोल्याच्या बसमधून उतरले, हातात पत्र्याची पेटी. भावाचं घर रस्त्यावरच होतं, भावाचा पोरगा दिगांबर धावत आला, "काका, घर इकडं हाय!" ते थांबले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरळ चालत खाऱ्या विहिरीवर गेले. तिथे चार पत्रे उभे केले आणि राहिले ते राहिलेच. तीस वर्षांच्या वर.

बुवाबाजी नव्हती हं. भगवं नाही, दाढी नाही. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, वर खाकी सदरा. सुरुवातीला दोन-चार बाया नारळ घेऊन गेल्या. त्यांना म्हणाले, "घरी न्या अन् चटनी करा. इथं काई भेटत नाई." कोणी जास्तच पाया पडायला लागलं तर विहिरीच्या पायऱ्या उतरून खाली जाऊन बसत. मग लोकांनी नाद सोडला.

त्यांचा दिवस ठरलेला. सकाळी एकदा आणि सूर्य बुडताना एकदा पायऱ्या उतरायच्या, पाणी वरून कितव्या पायरीला लागलं ते पाहायचं, वर किती बोटं आलं ते मोजायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं, वर येऊन वहीत लिहायचं. संध्याकाळी लिहून झालं की कंदील पेटवून विहिरीच्या काठावरच्या बांबूला टांगायचा. तो कंदील मी कधी काळवंडलेला पाहिला नाही. बोलता बोलता हात काचेवर फिरत असायचा, जुन्या धोतराचा तुकडा घेऊन, गोल गोल. काच स्वच्छ असली तरी.

विहिरीकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. आणि 'उद्या' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. लग्नाचं बोलावणं गेलं तर म्हणत, "आलो तर दिसीन." आमच्या दुकानातून रॉकेल नेताना हे विचारायचे, "मारोत, परवा डबा येणार हाय, तुह्यासाठी ठेवू काय?" तर उत्तर, "परवा आला म्हंजे पाहू." लोक हसायचे. मीही हसायचे.

भाकर त्यांना मी द्यायची. कशी सुरुवात झाली ते आठवत नाही. त्यांच्या घरचे धाडायचे तर मारोतराव परत करायचे, माझी मात्र घेत. मला 'वयनी' म्हणत, मी 'भाऊजी'. एकच अट होती, भाकरीत, भाजीत कशातच मीठ नको. मी म्हटलं, "अळणी कसं घशाखाली उतरते बाप्पा?" तर म्हणाले, "उतरते. सवय कराले लागते." आणि जेवायच्या आधी भाकरीचे पाच तुकडे मोडून ठेवत. अगदी सारखे, तळहाताएवढे पाच. ते घेऊन पायऱ्या उतरायचे आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर ओळीने मांडून यायचे. मग जेवायचे. दुसऱ्या दिवशी पायरी साफ.

"घोरपड खात असन," हे म्हणायचे. ह्यांना सगळ्याची थट्टा. "अवो, त्याले विचार ना, बोट कधी लागते. अकोल्याची बस काई टायमावर येत नाई, आपन बोटीनं जाऊ."

पण ह्यांचाच जीव एकदा टांगणीला लागला. पेन्शनवाल्यांना दरवर्षी बँकेत जाऊन आपण हयात आहो असं लिहून द्यावं लागतं. त्या वर्षी ह्यांचंही अकोल्यात काम होतं, म्हणून दोघं सोबत गेले. बँकेतल्या पोराने फॉर्म पुढे केला.

"काका, इथं सही करा. आज मशीन बंद आहे, उद्याच्या तारखेत टाकून देतो."

"मंग उद्याच सही करतो."

"अहो, तारखेनं काय होते? तुम्ही समोर उभे आहात."

"आज उभा हाय. उद्या जित्ता असीन हे तुमाले कोनं सांगतलं?"

मागची रांग खदखदून हसली. साहेब बाहेर आला, त्याने समजावलं. ह्यांनी हात जोडले, "मारोत, कर ना लेका सही, शेवटची बस निघून जाईन." मारोतराव हलले नाहीत. तेव्हा ह्यांना आठवलं, म्हणाले, असं केलं तर संध्याकाळचा दिवा राहील. तर मारोतराव म्हणाले, "तसं कसं राहीन?" बस चुकली तरी दोघं निघाले. आले कसे, कापसाच्या ट्रकमधून, गंजीवर बसून. दिवा लावला, वही लिहिली आणि पहाटेच्या बसने पुन्हा अकोला. बँक उघडायच्या आधी दारात उभे. "आता द्या. आता हाय मी." हे घरी आल्यावर मला सांगत होते, पण हसत नव्हते. म्हणाले, "सही कराच्या आधी त्यानं तारीख तीन बार वाचली वं. जसं काई खुनाचा कागद हाय."

आता वह्यांचं सांगते. रकाने असे: तारीख, वेळ, पायरी, बोटं, चव, वारा, दिवा आणि शेवटी शेरा. अक्षर मोत्यासारखं नाही, पण सारखं, जात्यातून पडणाऱ्या पिठासारखं. याच मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा अगदी कोवळ्या होत्या, नवी नोकरी, गावोगावच्या विहिरी मोजत फिरायच्या. त्यांनी आपला मोजायचा टेप सोडला, सकाळी मोजलं, मग गावात जेवून संध्याकाळी पुन्हा मोजलं. मारोतरावांच्या वहीशी बोटाचाही फरक नाही. सकाळ-संध्याकाळात पाणी वीतभर चढलेलं.

"काका, आसपास मोटारी चालू-बंद झाल्या की विहिरीचं पाणी असं खालीवर होतं."

"म्याडम, खाऱ्या पान्यावर मोटार कोन बसवते इथं?"

मॅडमनी चहूकडे पाहिलं. बाभळी आणि उन्हाचं वाफाळणं. म्हणाल्या, "मोटारींशिवायही असं होतं, कुठेतरी वाचलंय मी. पाहून सांगते." मग वही पुन्हा उघडली. "आणि हे काय? शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच शब्द. 'नाही'. सगळ्या वह्यांत. काय नाही?"

"नाही म्हंजे आले नाई."

"कोण?"

मारोतराव कंदिलाची काच पुसायला लागले. मी मॅडमना डोळ्याने खुणावलं, चला म्हणून.

त्यानंतरच्या वैशाखातली गोष्ट. मारोतराव गावात हौदावर गोडं पाणी आणायला गेले होते. मी भाकर घेऊन भर दुपारी विहिरीवर पोचले. वारा पार पडलेला. पान हलत नव्हतं. आणि विहिरीतून आवाज येत होता. ठक... ठक. ओलं मुसळ उखळाच्या काठाला लागावं तसा, पण मध्ये पाण्याचं चुळकन वाजणं. घाई नाही त्या आवाजाला, जसं कोणी दाराशी उभं आहे आणि त्याला माहीत आहे की घरात माणूस आहे. मी वाकून पाहिलं. पाणी हिरवंकाळं, स्थिर, माझं डोकं त्यात दिसत होतं. माझ्या डोक्याच्या बाजूला काही नव्हतं, हे मी मुद्दाम पाहिलं. आवाज चालूच. भाकर दगडावर ठेवली आणि मी घरी आले, मागे न पाहता. कोणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्या बाईला ऊन लागलं म्हणाले असते.

दोन-तीन वर्षं गेली. माझ्या मुलाने आम्हा दोघांना गाडी करून कोकण दाखवायला नेलं. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही, म्हटलं हे तर आपलंच गाव! संध्याकाळी धक्क्यावर गेलो. तिथे एक लाकडी नाव दोरीने बांधलेली होती, लाटेने हलायची आणि धक्क्याच्या दगडाला लागायची. ठक. चुळ. ठक.

मी तिथेच खाली बसले. मुलगा घाबरला, "माय, चक्कर आली काय?" मी म्हटलं, नाही रे, पाय दुखले.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी भाकर घेऊन गेले आणि सरळ सांगितलं. "भाऊजी, तुमच्या विहिरीत नाव लागते. मी आयकली हाय."

काचेवर फिरणारा त्यांचा हात थांबला. मी तो थांबलेला पहिल्यांदा पाहिला. म्हणाले, "मले वाटलं, मलेच आयकू येते." आणि मग सांगितलं. तीस वर्षांत एकदाच, पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

दीपगृहावर ते आणि एक जोडीदार असे दोघं असत. त्या दिवशी जोडीदार रजेवर. जवळच्या तालुक्याच्या गावी एसटीत आपल्याकडच्या बाळापूरचा एक मेकॅनिक होता, त्याने निरोप धाडला, बायको गावाहून ज्वारीचं पीठ घेऊन आली आहे, भाकर-ठेचा खायला ये. आता हे कोकणातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला वर्षभर भात घाला, तो जेवतो, पण पोट भरलं असं म्हणत नाही. मारोतरावांनी दहा महिने भाकर पाहिली नव्हती. दुपारीच निघाले. दिवस बुडायच्या आत परत येऊ, म्हणून संध्याकाळची नोंद आधीच लिहून ठेवली. हवा स्वच्छ. समुद्र शांत. दिवा लागला. सगळेच कधीमधी लिहीत, म्हणाले, ओळ सारखी दिसते.

"भाकर खाल्ली. ठेच्यात मीठ जास्त झालतं, वयनी. तिखट-खारट. तोंड पोळलं म्हनून अजून अर्धी भाकर मांगली. त्या अर्ध्या भाकरीत बस गेली."

चालत निघाले. वाटेत आभाळ भरून आलं. पोचले तेव्हा अंधार पडून दोन तास झाले होते. धावत वर चढले, दिवा लावला. सकाळी कळलं की पाच जणांची एक नाव आली नाही. ती कधीच आली नाही. फळकूटसुद्धा नाही.

"मंग?"

"मंग चौकशी झाली. साहेबानं वही मांगली. वहीत दिवा लागेल होता. मी सुटलो."

आता मला कळलं की तुकडे पाच का, आणि मीठ का नाही. आणि मी इतकी वर्षं या माणसाला रोज भाकर आणून देत होते. रोज! मी म्हटलं, "भाऊजी, मी पोळी करून आनत जाऊ काय?" तर म्हणाले, "नाई. भाकरच पायजे."

"पन ते इकडं काहून येतीन? समुद्र कुठं, आपन कुठं?"

"उजेड दिसन तिकडं येतीन. त्याइले काय मालूम समुद्र कुठं संपला ते. मी इथला, म्हनून माह्या मांगं आले." आणि विहिरीकडे पाहून अगदी साधेपणाने, जसं कोणी पाहुण्याचं सांगावं, "जवळ हायत. पन दिवा एक दिवस चुकला की पुन्हा दूर जातीन."

एवढंच त्यांना हवं होतं या जगात. दिवा चुकू नये, आणि न पाहिलेलं पुन्हा लिहिलं जाऊ नये.

आमचे हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी मारोतरावांच्या पायावर सूज चढली. आमच्या पट्ट्यात हे दुखणं घरोघरी आहे, आधी पाय सुजतात, मग मूत्रपिंडं. दिगांबर आता पन्नाशीचा झाला होता. तो ऑटो घेऊन आला, काकाला उचलूनच अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला. मारोतराव कंदील सोडेनात. मी म्हटलं, "मी लावते. तुमी या बरे होऊन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही दिली, पेन दिलं, काडीपेटी दिली. "वयनी, जे दिसन तेच लिहा. नाई जमलं यायले, तर 'पाहिलं नाही' असं लिहा, त्याचं काई नाई. मात्र न पाहता लिहू नका."

"नाई लिहीत जी."

ऑटो गेला. ते मागच्या सीटवर उलटे तोंड करून बसले होते, विहीर दिसेपर्यंत.

सहा दिवस मी गेले. सकाळ-संध्याकाळ. गुडघे धरून पायऱ्या उतरायचे, बोट बुडवायचे. सोळावी पायरी, दोन बोटं. सोळावी, तीन बोटं. शेरा: नाही. लिहिताना अंगावर काटा यायचा, कारण 'नाही' लिहायच्या आधी पाहावं लागायचं. पाण्याकडे नीट, पूर्ण पाहावं लागायचं. एकटीने.

सातवा दिवस पोळ्याचा. लेक माहेरी आलेली, पुरण शिजायचं, दुपारपासून झडीचा पाऊस, काळ्या मातीचा चिखल. गुडघा तर दाराबाहेर पडू देईना. आणि मी काय केलं? दुपारी दोन वाजता, ओट्यावर बसून, वही मांडीवर घेऊन लिहिलं: सोळावी पायरी, दोन बोटं. दिवा लागला. शेरा: नाही. मनात म्हटलं, पावसाने उसंत दिली की जाईन, दिवा तर लावीनच. ओळ छान आली होती.

संध्याकाळी बैल तोरणाखालून जायची वेळ झाली. गावात वाजंत्री. लेक लवकर जेवायला बसली, तिला घरी परतायचं होतं. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "माय वं, वरण खारट झालं. राहू दे, अजून अर्धी पोळी घेते त्यासंग."

माझ्या हातातून पळी पडली.

लेक विचारत राहिली, काय झालं, काय झालं. मी वही पदराखाली धरली आणि निघाले. चप्पल पहिल्याच वळणावर चिखलाने ओढून घेतली. दिवस बुडून गेला होता, अवसेचा दिवस, आभाळ झाकलेलं. अवसेला पाणी चढते असं ते म्हणायचे. बाभळींपाशी पोचले आणि थांबले.

दिवा लागलेला होता.

बांबूला नव्हता टांगलेला. मारोतराव विहिरीच्या तोंडाशी, पहिल्या पायरीवर उभे होते, कंदील खाली धरून, जसा आपण पाहुण्याला पायरी दिसावी म्हणून धरतो. पायजमा पोटरीपर्यंत, हाताला दवाखान्याची पांढरी पट्टी, सुई तशीच. माझ्याकडे पाठ. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर मागे न पाहता म्हणाले, "वयनी, वाट सोडा."

मी बाजूला झाले. बाभळीचा काटा टाचेत गेला तो मला नंतर कळला.

ते थोडे डावीकडे सरले, मान लववली, पुन्हा जागेवर आले. मग पुन्हा सरले. प्रत्येक वेळी तेवढंच, एका माणसाला वर यायला लागते तेवढी जागा. मी मोजलं नाही म्हटलं तरी मोजलं गेलं. पाच. मला कोणी दिसलं नाही. मी इथे न पाहिलेलं लिहिणार नाही. माझ्यासमोरून ओल्या दोराचा आणि मासळीचा वास गेला, तो मी कोकणातल्या धक्क्यावर घेतला होता, आणि वाटेवरच्या चिखलात बुडबुड पाणी भरलं. बस. गावात वाजंत्री वाजत होती.

मग ते खाली बसले. विहिरीकडे पाठ करून.

"कसे आले तुमी?" मी विचारलं.

"बसनं. दिगांबर चहा प्यायले गेलता." दम लागला होता. "तुमी आज येनार नाई असं वाटलं. वही आनली काय?"

मी वही दिली. कंदिलाच्या उजेडात त्यांनी माझी ओळ वाचली. दुपारची शाई, कोरडी. माझ्या डोळ्यांतून धारा. म्हटलं, "भाऊजी, खोडते मी ते."

"खोडू नका. राहू द्या." आवाजात राग नव्हता. "दिवा लागला असं लिहेल होतं ना? लागला. तेवढं तर खरं झालं."

मग त्यांनी त्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं. ती ओळ मॅडम, तुम्हाला एकेचाळिसाव्या वहीत शेवटी दिसेल. पायरी अकरावी. म्हणजे पाणी पाच पायऱ्या वर. पावसाने चढलं असेल, तुम्ही म्हणाल, म्हणा. चवीच्या रकान्यात 'गोड'. तीही पावसाचीच म्हणा. आणि शेऱ्यात, जिथे तीस वर्षं 'नाही' आहे, तिथे तीन शब्द: "पाच. किनाऱ्याला लागले."

दुसऱ्या दिवसापासून पाणी सोळाव्या पायरीला आहे. तुम्ही मागल्या साली जे यंत्र सोडलं आत, त्याची रेघ सपाट येते आणि तुम्हाला वाटते यंत्र बिघडलं. यंत्र चांगलं आहे. आवाजही नाही आता. मी दुपारी जाऊन बसते कधी कधी, भीती वाटत नाही, तर चुकल्यासारखं होते.

तुम्ही विचारलं भरवसा ठेवावा काय. तर लिहून देते. या एकेचाळीस वह्यांत एक ओळ खोटी आहे आणि ती माझी आहे. बाकी त्या माणसाने न पाहता एक अक्षर लिहिलेलं नाही. शेवटच्या ओळीचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा. मला ती काढता येत नाही आणि झोपताना विसरताही येत नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले. तीस वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. माझ्यासाठी थांबून राहिलेल्या लेकीने पान वाढलं. ते दाराकडे पाठ करून बसले, दार विहिरीच्या दिशेला आहे. पुरणपोळीचा घास घेतला, वरण चाखलं, आणि म्हणाले, "वयनी, मीठ वाढा."

"वरण तर खारट झालं हाय, भाऊजी."

"असू द्या."

मी पानाच्या डाव्या अंगाला चिमूटभर मीठ ठेवलं. त्यांनी बोटाने उचललं, जिभेला लावलं, आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले, रोज विहिरीचं पाणी चाखत तसे.

दिगांबर मोटारसायकल घेऊन शोधत आला तेव्हा ते हात धुऊन ओसरीत उभे होते. तो रडत होता आणि शिव्याही देत होता. मारोतराव मुकाट मागे बसले. सकाळी तो त्यांना परस्पर अकोल्याला घेऊन गेला. चौथ्या दिवशी ते तिथेच गेले.

मी शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी, आमच्या अंगणात. कंदील माझ्या ओट्यावरच राहिला होता, मी म्हटलं, "अवो, दिवा घ्या." त्यांनी नुसता हात हलवला. शिंगं रंगवलेले बैल गल्लीतून परतत होते, गाडीला वाट मिळत नव्हती. मागे बसलेला तो माणूस वळून म्हणाला, अगदी सहज, जसं आपण सगळे रोज म्हणतो:

"येतो वयनी उद्या."

ते त्याने लिहिलं नाही, नुसतं बोलला. ते खोट्यात धरू नये.